दुप्पट का करायची? वर्गसंख्या, त्यांची कड आणि वर्गमूळ

भागाकार पद्धतीनं वर्गमूळ काढायला शिकत होते तेव्हा एक पायरी काही केल्या गळी उतरत नव्हती. अंकांच्या उजवीकडून जोड्या पाडायच्या, ठीक. पहिल्या जोडीत मावेल तो मोठ्यात मोठा वर्ग वजा करायचा, तेही कळलं. पण मग फळ्यावर वाक्य आलं, ‘आता आलेल्या मुळाची दुप्पट करा.’ दुप्पट का? तिप्पट का नाही? विचारलं तर ‘पद्धतच तशी आहे’ असं उत्तर मिळालं. पुढे कितीतरी वर्षं मी मुकाट्यानं दुप्पट करत गेले. उत्तरं बरोबर यायची, गुणही मिळायचे, पण त्या दुपटीचं कोडं डोक्यात तसंच पडून होतं.

ते सुटलं एका चित्रामुळे. म्हणून आधी ते चित्रच काढू या.

चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एक घर रंगवा. हा १ चा वर्ग. आता याच्यापेक्षा एका घरानं मोठा चौरस करायचा आहे. उजवीकडे एक घर रंगवावं लागेल, खाली एक घर, आणि एवढ्यानं भागत नाही. तिरक्या कोपऱ्यात एक खाच राहते, ती भरायला आणखी एक घर. ३ घरं वाढली आणि ४ घरांचा चौरस झाला. पुन्हा तेच करा. उजवीकडे २, खाली २, कोपऱ्यात १, मिळून ५. चौरस ९ घरांचा. पुढच्या खेपेला ३, ३ आणि १, म्हणजे ७. चौरस १६ घरांचा. प्रत्येक वेळी जी नवी कड लागते तिचा आकार गवंड्याच्या गुण्यासारखा असतो: काटकोनात जुळलेल्या दोन पट्ट्या. प्राचीन ग्रीक गणिती या आकाराला ‘ग्नोमॉन’ म्हणत, आणि गंमत म्हणजे सुताराच्या काटकोनालाही त्यांच्याकडे तोच शब्द होता.

या कडेत तीन भाग आहेत, ते नीट पाहून ठेवा. एक उभी पट्टी, एक आडवी पट्टी, आणि एक कोपरा. पट्ट्या दोन, लांबीला सारख्या. कोपरा एकच. या लेखात पुढे जे काही येणार आहे ते सगळं या दोन पट्ट्यांच्या आणि एका कोपऱ्याच्या जिवावर.

कडांमधली घरं ओळीनं लिहिली तर १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम संख्या मिळतात. एकही विषम संख्या गाळलेली नाही आणि एकही सम संख्या मध्ये घुसलेली नाही. का, ते चित्रच सांगतं. दोन सारख्या पट्ट्या मिळून नेहमी सम संख्या होते आणि कोपऱ्यातलं एकटं घर तिला विषम करतं. पुढच्या कडेला दोन्ही पट्ट्या एकेका घरानं लांबतात, म्हणून बेरीज दोननं वाढते. त्यामुळे पहिल्या १० विषम संख्यांची बेरीज किती, असं कुणी विचारलं तर कागदाला हात लावायची गरज नाही. १० कडा एकात एक बसवल्या की १० बाय १० चा चौरस होतो, बेरीज १००. पहिल्या १०० विषम संख्यांची बेरीज १०,०००. याची बीजगणितातली सिद्धता शाळेत वरच्या वर्गात येते, पण मला विचाराल तर रंगवलेलं पान तिच्यापेक्षा जास्त पटतं.

शेजारशेजारच्या दोन वर्गांमधलं अंतर आता पाठ करावं लागत नाही. ३० चा वर्ग ९०० हे सगळ्यांना येतं. ३१ चा वर्ग? कडेला ३० ची एक पट्टी, ३० ची दुसरी पट्टी आणि कोपऱ्यातलं १. नाहीतर कोपरा एका पट्टीला चिकटवून टाका, ३० अधिक ३१. म्हणजे ९६१. लागून असलेल्या दोन संख्यांच्या वर्गांमधला फरक म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज. उलटही तितकंच सोपं. १०० चा वर्ग १०,००० तर ९९ चा वर्ग १०,००० मधून १०० आणि ९९ काढून ९,८०१.

कड दरवेळी लांबत जाते, म्हणून वर्गसंख्या विरळ होत जातात. १ ते १०० मध्ये १० पूर्ण वर्ग आहेत, दर दहात सरासरी एक. १०,००० पर्यंत गेलात तर फक्त १००, आणि १०,००,००० पर्यंत जेमतेम १,०००. ९०० आणि ९६१ यांच्यामध्ये ६० संख्या अशा आहेत की ज्यांतल्या एकीचंही वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. वर्गमूळ काढायला अवघड का वाटतं याचं हेही एक कारण. आपल्यासमोर आलेली संख्या बहुतेक वेळा दोन वर्गांच्या मधल्या मोकळ्या मैदानातच असते.

विषम संख्यांची ही रांग कागदावरच राहत नाही. उंचावरून दगड सोडला आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर पडतो. दुसऱ्या सेकंदात त्याच्या तिप्पट, १४.७ मीटर. तिसऱ्या सेकंदात पाचपट, २४.५ मीटर. सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हा नियम गॅलिलिओनं मांडला आणि १६३८ साली छापून आलेल्या त्याच्या ग्रंथात तो आहे. विषम संख्यांची बेरीज म्हणजे वर्ग, म्हणून तीन सेकंदांत दगड ४.९ च्या ९ पट, म्हणजे ४४.१ मीटर खाली आलेला असतो. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे भौतिकशास्त्रातलं वाक्य आणि आपण मघाशी रंगवलेल्या कडा ही एकच गोष्ट आहे.

आता कड जरा रुंद करू. ७ बाय ७ च्या चौरसाचा एकदम १० बाय १० करायचा आहे. कड ३ घरं रुंद होणार. तिच्यात किती घरं? १०० मधून ४९ वजा केले की ५१ येतात, पण तसं न करता कात्री घ्या. काटकोनी पट्टी कोपऱ्याशी अशी कापा की उभा तुकडा पूर्ण १० लांबीचा निघेल आणि आडवा ७ चा राहील. दोन्हींची रुंदी ३ च आहे. आता ते तुकडे एकापुढे एक ठेवा. वाकडी कड सरळ झाली. १७ लांब आणि ३ रुंद असा सरळसोट आयत मिळाला, १७ गुणिले ३ म्हणजे ५१. इथला १७ म्हणजे १० अधिक ७, आणि ३ म्हणजे १० वजा ७. ‘दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी’ हे जे सूत्र आपण घोकलं, ते म्हणजे सरळ करून ठेवलेली कड. मला स्वतःला हे कापून पाहिल्यावर कळलं. त्याआधी ते नुसतं अक्षरांचं सूत्र होतं.

या सूत्राचा तोंडी हिशेबाला फार उपयोग होतो. ४७ गुणिले ५३ करायचे आहेत. दोन्ही संख्या ५० पासून ३ च्या अंतरावर, एक अलीकडे, एक पलीकडे. म्हणून २,५०० वजा ९, उत्तर २,४९१. वर्ग करायचा असेल तर हीच युक्ती उलटी चालवता येते. ९८ मधून २ काढा, ९८ मध्ये २ मिळवा. ९६ गुणिले १०० म्हणजे ९,६००, त्यात २ चा वर्ग परत घाला. ९,६०४. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त वर्ग करायच्या रीतींमध्ये नेमकी ही रीत दिली आहे. मनाला येईल ती इष्ट संख्या घ्या, ती मूळ संख्येतून एकदा वजा करा, एकदा तिच्यात मिळवा, दोन्हींचा गुणाकार करा आणि इष्टाचा वर्ग त्यात टाका. इष्ट कोणतं घ्यायचं हे करणाऱ्याच्या अकलेवर सोडलं आहे. ९८ ला २ सोयीचे, ६५ ला ५. साडेआठशे वर्षांहून जुनी रीत आहे आणि आजही तोंडी हिशेब करणारा माणूस तीच वापरतो, नाव माहीत असो वा नसो.

यातून आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. ८ गुणिले ८ म्हणजे ६४. एक बाजू एकानं कमी करा आणि दुसरी एकानं वाढवा, ७ गुणिले ९, ६३. आणखी एक पाऊल, ६ गुणिले १०, ६०. मग ५ गुणिले ११, ५५. मग ४ गुणिले १२, ४८. ६४ पासूनची तूट पाहा: १, ४, ९, १६. पाचही आकृत्यांची परिमिती तीच ३२, पण चौरसापासून जितकं दूर जाल तितक्याचा वर्ग क्षेत्रफळातून कापला जातो. सारखं कुंपण घेऊन जास्तीत जास्त जमीन वेढायची तर काटकोनी चौकोनांमध्ये चौरसच का घ्यावा, याचं उत्तर या तुटीत आहे.

सतराव्या शतकात फेर्मा या फ्रेंच गणितीनं याच सूत्राची दुसरी बाजू पकडली. मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे असतील तर ती संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिता येते का ते बघायचं. ८,०५१ घ्या. २ नं, ३ नं, ५ नं, ७ नं भागत बसलात तर बराच वेळ काही हाती लागत नाही. पण तिच्या लगेच वरचा वर्ग ८,१०० आहे, ९० चा. फरक ४९, आणि तो ७ चा वर्ग! म्हणजे ८,०५१ म्हणजे (९० वजा ७) गुणिले (९० अधिक ७), अर्थात ८३ गुणिले ९७. फेर्मानं स्वतः २,०२,७६,५१,२८१ ही संख्या अशीच फोडून दाखवली होती. ४५,०३० पासून एकेक संख्या घेत गेलं की बाराव्या खेपेला, ४५,०४१ पाशी, वर्गांमधला फरक १०,४०,४०० येतो, आणि तो १,०२० चा वर्ग आहे. अवयव मिळाले ४६,०६१ आणि ४४,०२१. या बारा खेपांमध्ये दरवेळी नवा वर्ग काढायची गरज नसते, हे लक्षात घ्या. आधीच्या फरकात पुढची विषम संख्या मिळवली की काम होतं. पुन्हा तीच कड.

जाता जाता एक प्रश्न. कोणतीही संख्या दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता येईल का? विषम असेल तर नेहमी येते, कारण ती कुठल्या ना कुठल्या एकपदरी कडेची घरं असतेच. २३ म्हणजे ११ अधिक १२, म्हणून १२ चा वर्ग वजा ११ चा वर्ग. पण ६, १०, १४ या संख्यांवर कितीही डोकं फोडलं तरी जमत नाही. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी एकतर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. दोन्ही सम असतील तर गुणाकाराला ४ नं भाग जातो, दोन्ही विषम असतील तर गुणाकार विषम येतो. ६ यांपैकी कशातच बसत नाही. आणि कधी कधी एकपदरी कडेची घरं स्वतःच एखाद्या पूर्ण वर्गाइतकी निघतात. ४ बाय ४ च्या चौरसाची कड ९, म्हणजे ३ चा वर्ग. १२ बाय १२ ची कड २५, म्हणजे ५ चा वर्ग. २४ बाय २४ ची ४९. पायथागोरसच्या प्रमेयात भेटणारी ३, ४, ५ आणि ५, १२, १३ आणि ७, २४, २५ ही त्रिकुटं इथून निघतात. पुढचं त्रिकूट हवं असेल तर ८१ चे ४० आणि ४१ असे दोन भाग करा.

आता वर्गमुळाकडे. चौरस वाढवताना कडा चढवल्या, तर मूळ शोधताना त्या सोलायच्या. ४९ मधून १ गेला, ४८. ३ गेले, ४५. ५ गेले, ४०. मग ७, ९, ११, १३ वजा करत गेलं की ३३, २४, १३ आणि शून्य. सात वेळा वजाबाकी झाली, मूळ ७. भागाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली वजाबाकी, तसंच हे, फक्त वजा होणारी संख्या दरवेळी दोननं वाढते. शून्यावर न संपता मध्येच पुढची विषम संख्या वजा करण्याइतकं उरलं नाही, तर संख्या पूर्ण वर्ग नाही हेही तिथल्या तिथे कळतं.

पण ५४,७५६ चं मूळ असं काढायचं म्हणजे दोनशेहून जास्त वजाबाक्या. तेव्हा एकेक पदर सोलण्याऐवजी जाड कड एकदम कापायची. भागाकार पद्धत हेच करते. आता ती अगदी सावकाश, चित्रासकट करू.

आधी जोड्या: ५, ४७, ५६. जोड्याच का? चौरसाची बाजू दहापट केली की क्षेत्रफळ शंभरपट होतं, म्हणून मुळातल्या एका अंकामागे वर्गात दोन अंक लागतात. तीन गट पडले, म्हणजे मूळ तीन अंकी. पहिल्या गटात ५ आहे, त्यात मावणारा मोठा वर्ग ४, म्हणजे मुळाचा पहिला अंक २. खरं तर हा २ नाही, २०० आहे. पानाच्या कोपऱ्यात आपण २०० बाय २०० चा चौरस बसवला आणि ५४,७५६ घरांतली ४०,००० घरं वापरली. उरली १४,७५६.

ही उरलेली घरं त्या चौरसाभोवती कड म्हणून लावायची आहेत. कड किती रुंद होईल? कडेत पट्ट्या दोन, प्रत्येकी २०० लांब. म्हणजे एकूण लांबी ४००. ही ती दुप्पट! मुळाची दुप्पट करायची कारण पट्ट्या दोन आहेत, उजवीकडे एक आणि खाली एक. तिप्पट नाही, कारण तिसरी पट्टी नाहीच. वर्षानुवर्षं अडलेलं कोडं एवढ्याशा गोष्टीत सुटलं, तेव्हा मी ते पान बराच वेळ नुसतं बघत बसले होते.

पुढे चला. १४,७५६ ला ४०० नं भाग दिला तर ३६ च्या आसपास येतात. आपण दशकाचा अंक शोधतोय, म्हणून रुंदी ३० धरू. दोन पट्ट्यांना ४०० गुणिले ३०, म्हणजे १२,०००. कोपऱ्याला ३० गुणिले ३०, म्हणजे ९००. एकूण १२,९०० घरं लागली. उरली १,८५६. चौरस आता २३० बाय २३० चा झाला. पुन्हा कड लावायची. दोन पट्ट्यांची लांबी ४६०. १,८५६ ला ४६० नं भागलं तर ४ येतात. पट्ट्यांना १,८४०, कोपऱ्याला १६, एकूण १,८५६. एकही घर उरलं नाही. मूळ २३४.

वहीत आपण हे लिहितो तेव्हा शून्यं गाळतो, आणि एक चलाखी करतो. २ ची दुप्पट ४ मांडून तिच्यापुढे ३ लिहितो आणि ४३ ला पुन्हा ३ नं गुणतो. १२९. दुपटीपुढे तोच अंक का चिकटवायचा आणि त्याच अंकानं का गुणायचं, हेही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ४० गुणिले ३ या दोन पट्ट्या, आणि ३ गुणिले ३ हा कोपरा. चिकटवलेला अंक म्हणजे कोपरा. पुढच्या पायरीत ४६४ गुणिले ४ म्हणजे १,८५६, तिथला शेवटचा ४ पुन्हा कोपऱ्याचाच.

आर्यभटानं ४९९ साली रचलेल्या ‘आर्यभटीया’त वर्गमुळाची रीत एका आर्येत आहे. तिच्यात ‘द्विगुणेन वर्गमूलेन’ असे शब्द आहेत, म्हणजे दुप्पट केलेल्या वर्गमुळानं. त्याची मांडणी आपल्यापेक्षा थोडी वेगळी आहे. तो पट्ट्या आणि कोपरा एकदम वजा करत नाही. दशक, सहस्र अशा ‘अवर्ग’ स्थानी आधी दुप्पट मुळानं भाग द्यायचा, म्हणजे पट्ट्या गेल्या. मग एकक, शतक अशा ‘वर्ग’ स्थानी आलेल्या भागाकाराचा वर्ग वजा करायचा, म्हणजे कोपरा गेला. शाळेतली आजची पद्धत त्याच रीतीची आटोपशीर मांडणी म्हणता येईल. मला आर्यभटाची मांडणी शिकवायला जास्त बरी वाटते, कारण तिच्यात कोपरा वेगळा दिसतो.

कोपरा विसरणं ही एक चूक, पण पट्ट्या विसरणं ही त्याहून फार मोठी. ‘३ अधिक ४ चा वर्ग म्हणजे ९ अधिक १६’ असं लिहिणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर ३ चा चौरस आहे, कोपऱ्यातला ४ चा चौरसही आहे, फक्त १२ घरांच्या दोन पट्ट्या रिकाम्या आहेत. ४९ आणि २५ यांच्यातला २४ चा फरक तोच. सूत्र पाठ करून घेण्याऐवजी त्या रिकाम्या पट्ट्या एकदा रंगवून घ्या, चूक बहुतेक कायमची जाते. वर्गमुळं तुकड्यातुकड्यानं काढून बेरीज करण्याची चूकही हीच: ९ अधिक १६ चं मूळ ५ आहे, ३ अधिक ४ नाही.

संख्या पूर्ण वर्ग नसेल तरी कड उपयोगी पडते. १५० चं मूळ घ्या. १२ चा वर्ग १४४, उरले ६. दोन पट्ट्यांची लांबी २४. कोपरा अगदी चिमुकला असणार, तो सोडून देऊ. ६ ला २४ नं भागलं, ०.२५. अंदाज १२.२५. कोपरा सोडला होता, म्हणून हा अंदाज किंचित जास्त असणार, आणि किती जास्त तेही माहीत आहे: ०.२५ चा वर्ग, ०.०६२५. आता हा जादा भाग १२.२५ च्या चौरसावरून पातळ कड म्हणून तासून काढा. ०.०६२५ भागिले २४.५ म्हणजे साधारण ०.००२५५. उत्तर १२.२४७४५. खरं मूळ १२.२४७४४८ असं सुरू होतं. दोन पायऱ्यांत एवढं जवळ. कॅल्क्युलेटर हाताशी असतानाही मी कधी कधी हे मनातच करते, कारण आकडा कुठून आला ते दिसत राहतं.

हीच तासणी २ च्या मुळावर करून पाहण्यासारखी आहे. ते मूळ माणसाला फार जुन्या काळापासून हवं होतं, कारण चौरसाचा कर्ण बाजूच्या तितकेपट असतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात बॅबिलोनची एक मातीची वीट आहे, हाताच्या तळव्यात मावेल एवढी. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि साठच्या पटीतल्या अंकांत लिहिलेलं हे मूळ कोरलेलं आहे: १, मग २४ साठांश, ५१ छत्तीसशेंश आणि त्याखालचे १०. आपल्या दशांशांत ते १.४१४२१२९ च्या पुढे जातं. खरं मूळ १.४१४२१३५ असं आहे. आपल्याकडे यज्ञवेदी रचायचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली किंमत अपूर्णांकांची आहे. १ घ्या, त्यात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्याचा चौतिसावा भाग वजा करा.

चौतिसावा? हा ३४ कुठून आला? सूत्रात कारण दिलेलं नाही, पण आपल्या हातात कड आहे. १ अधिक तिसरा भाग अधिक बारावा भाग म्हणजे १७ बारांश. याचा वर्ग २८९ भागिले १४४, म्हणजे २ पेक्षा १ भागिले १४४ इतका जास्त. तो जादा भाग पातळ कड म्हणून तासायचा तर दोन पट्ट्यांची लांबी हवी, आणि १७ ची दुप्पट ३४! कडेची रुंदी येते १ भागिले ४०८, म्हणजे बाराव्या भागाचा बरोबर चौतिसावा भाग. उत्तर ५७७ भागिले ४०८, दशांशांत १.४१४२१५. तासताना कोपरा एकाऐवजी दोनदा जातो, म्हणून नंतर केसभर जास्तच राहतं.

किती जास्त? ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त १. हा १ कधीतरी ० होईल का? होणार नाही. कोणत्याही पूर्ण वर्गाचे मूळ अवयव पाडले तर प्रत्येक अवयव जोडीनं येतो, कारण मुळात तो जितक्यांदा आहे त्याच्या दुप्पट वेळा वर्गात येतो. म्हणून पूर्ण वर्गात २ हा अवयव सम वेळा असतो. पूर्ण वर्गाची दुप्पट केली की तो एकदा वाढतो आणि विषम वेळा होतो. एक संख्या एकाच वेळी सम आणि विषम वेळा २ नं भरलेली असू शकत नाही, म्हणून एक वर्ग दुसऱ्या वर्गाच्या बरोबर दुप्पट कधीच होत नाही. २ चं मूळ कुठल्याही अपूर्णांकात बसत नाही, ते अपरिमेय आहे. फरक जास्तीत जास्त १ पर्यंत खाली आणता येतो, आणि ५७७ नं तो आणलाच आहे.

त्यावर पुन्हा एकदा तीच कड तासली तर ६,६५,८५७ भागिले ४,७०,८३२ असा अपूर्णांक मिळतो. वरच्या संख्येचा वर्ग ४,४३,३६,५५,४४,४४९. खालच्या संख्येच्या वर्गाची दुप्पट ४,४३,३६,५५,४४,४४८. अजूनही एकच घर जास्त.